दाराच्या पोटात फणस

आईच्या घराचं पुढचं दार बदलायचं ठरलं आणि धाकट्या भावाने फोनवर लोखंडी दाराचा फोटो पाठवला. पावसात फुगत नाही, वाळवी लागत नाही, चार दिवसांत बसवून मिळतं. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. गेल्या जुलैत जुनं दार फुगून चौकटीत असं रुतलं की आई दोन तास आत अडकली. मागची पडवी पावसाळ्यासाठी झडी बांधून बंद. शेवटी शेजारच्या मुलाने बाहेरून खांदा लावला. आई ७८ वर्षांची, उजवं मनगट एकदा मोडलेलं. तिची अट एकच: "मला एकटीला उघडता आलं पाहिजे."

पण आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यात लोखंड खालच्या कडेपासून खायला सुरुवात होते, हे गावातल्या प्रत्येक गेटकडे बघून कळतं. मी लाकडावर अडून राहिले.

खरं तर जुन्या दाराचा दोष लाकडाचा नव्हता, बांधणीचा होता. शेजारी शेजारी उभ्या फळ्या, मागून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. लाकूड ओलाव्याने लांबीला जवळजवळ वाढत नाही. वाढतं ते रुंदीला. म्हणजे तीन फूट रुंदीच्या दारात सगळे ३६ इंच फुगणार आणि ती सगळी वाढ एकमेकींत मिळून चौकटीला भिडणार. पॅनेलच्या दारात आडव्या पट्ट्यांचे रेषे आडवे धावतात, त्यामुळे त्या दाराला रुंद करत नाहीत. फुगून रुंदी वाढवतात त्या फक्त दोन बाजूंच्या उभ्या पट्ट्या, चार-चार इंचांच्या. ३६ इंचांऐवजी आठ! मधली पॅनेलं खाचेत सैल बसवलेली असतात, ती आतल्या आत फुगतात आणि आतल्या आत सुकतात. शिवाय पॅनेल पाऊण इंचाचं, म्हणजे दार हलकं. आईच्या मनगटाचा प्रश्न इथेच अर्धा सुटला.

पट्ट्या आणि चौकट सागाची, यावर मेस्त्री आणि मी लगेच एकमत झालो. सागात मुळातच तेल असतं, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा शिवत नाही आणि सुकल्यावर तो फारसा वाकत नाही. मात्र वखारीत 'साग' हा शब्द फार ऐसपैस वापरतात. बल्लारशाचा, बर्माचा, आफ्रिकेचा. शेवटचा तर पुष्कळदा साग नसतोच. मेस्त्री नावं ऐकतच नव्हते. ते प्रत्येक नग उलटून टोक बघत. सालीलगतचा पांढरट पट्टा दिसला की नग बाजूला, कारण कीड आधी तिथे लागते. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग जास्त असतो. मग नग डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम. सात फुटांत जराही पीळ दिसला तर नको.

राहिली पॅनेलं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आजोबांनी लावलेला फणस आमच्या परसात आडवा झाला. उभा असता तर त्याला परवानगीशिवाय हात लावता आला नसता. फणस महाराष्ट्रात संरक्षित झाडांच्या यादीत आहे. आईने तेव्हाच फळ्या काढून घेतल्या आणि गोठ्यात मध्ये चिपा घालून रचून ठेवल्या. इंचाला एक वर्ष सुकवावं म्हणतात, त्या हिशेबाने त्या केव्हाच तयार होत्या. भाऊ म्हणाला, "ताई, आठवण म्हणून दार करायचं का?" मलाही आठवणीखातर लाकूड निवडणं पटत नाही. पण फणस काही नुसती आठवण नव्हे. कोकणातल्या जुन्या घरांत तो आहे, वीणा आणि मृदंगम् त्याचे होतात. अडचण वेगळीच होती. आमच्या फळ्या आखूड, गाठींच्या. सात फुटांची सरळ पट्टी एकही निघेना. मेस्त्री म्हणाले, "फणस पोटात घाला ताई, कडेला नको."

रंधा फिरल्यावर आतून हळदीसारखा पिवळा निघाला. तो पुढे तपकिरी होत जाईल, सागाच्या जवळ जाईल. पॅनेलं बसवण्याआधीच मेस्त्रींनी चारही कडांना तेलाचे हात दिले. उन्हाळ्यात पॅनेल आक्रसलं की कडेची कोरी पट्टी उघडी पडते, ती दिसू नये म्हणून. खाचेत सरस नाही, खिळा नाही. त्यांच्या हाताखालचा पोरगा सवयीने सरस लावायला गेला तेव्हा मेस्त्री त्याच्यावर जे ओरडले ते इथे लिहीत नाही. एकदा चिकटवलं की पॅनेलला हलायला जागा नाही, मग ते तडकतं.

चौकटीची भिंतीकडची बाजू डांबर लावून जांभ्यात बसवली. बिजागऱ्या पितळी. कडी मी जुन्याच उंचीवर धरली होती. आईने मेस्त्रींना थांबवलं, दारापुढे उभी राहिली, हात सहज पोचला तिथे बोट ठेवलं आणि चार बोटं खाली लावून घेतली.