गिअरची गाडी आणि कासचा रस्ता

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले आमचे सातारा तसे चढउतारांचेच गाव. समर्थ मंदिराचा चौक मागे टाकला की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, आणि साधारण २५ किलोमीटरवर कासचे पठार. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते पाहिले असेल. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही गेले, आणि तेव्हापासून सप्टेंबरात तिथे फुलांपेक्षा माणसेच जास्त दिसतात. पण मोटारीच्या खिडकीतून पाहिलेला रस्ता निराळा आणि स्वतः दोन चाकांवरून चढलेला रस्ता निराळा, बरं का! मी आज त्या दुसऱ्या रस्त्याविषयी सांगणार आहे. आणि दोन चाके म्हणजे स्कूटर नव्हे हं. पुढे ओणवे होऊन चालवायची, सहा गिअरची, मुले जिला ‘स्पोर्ट बाइक’ म्हणतात ती.

दचकू नका. ही गाडी मी विकत घेतलेली नाही. आमच्या धाकट्या भावजींनी हौसेने यामाहाची आर१५ घेतली, आणि वर्षाच्या आत त्यांना नोकरीसाठी परदेशी जावे लागले. गाडी अंगणात ताडपत्रीखाली. फोनवर एकदा ते म्हणाले, “वहिनी, नुसती उभी राहून तिची बॅटरी जाईल. तुम्हीच शिका ना!” ते बोलले थट्टेत, पण मी ते मनावर घेतले. शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारनंतर मोकळी असते, स्कूटर गेली दहा वर्षे चालवते आहे. का शिकू नये?

घरात मात्र हा प्रश्न इतका सोपा नव्हता. सासूबाईंचा सख्खा भाचा अशाच गाडीवरून गेला. वय अवघे बावीस. हेल्मेट होते, पण ते आरशाला अडकवलेले. त्यामुळे त्यांनी ‘नको’ म्हटले असते तर मी एक शब्दही बोलले नसते. त्या दोन दिवस गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “शीक. पण हेल्मेटचा पट्टा लागल्याचा टक् आवाज मला ऐकू आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही.” ती अट आजतागायत चालू आहे. दुपारी झोपल्या असल्या तरी उठून ओट्यावर येतात.

पहिली गोष्ट परवान्याची. स्कूटरचा परवाना गिअरच्या गाडीला चालत नाही. परवान्यावर ‘गिअरसहित’ अशी नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी शिकाऊ परवाना काढायचा. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. हे तीस दिवस म्हणजे सरकारी वेळकाढूपणा, असे आमचे हे म्हणाले. मला तसे वाटत नाही. हाताला, पायाला आणि डोळ्यांना एका सुरात यायला तेवढे दिवस लागतातच.

दुसरी गोष्ट कपड्यांची, आणि ही आपल्या पानावर अगदी शोभणारी! ओढणी घरी ठेवायची. चाकात किंवा चेनमध्ये अडकलेल्या ओढणीने काय होते ते सांगायला नको. मंगळसूत्र कॉलरच्या आत. अंबाडा घातला तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, म्हणून वेणी खाली, मानेजवळ बांधायची. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे आणि आयएसआय शिक्क्याचे घ्यावे (२०२१पासून दुचाकीसाठी तसल्याच हेल्मेटची विक्री कायदेशीर आहे). घालून पाहताना गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हलवले तर कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. सैल हेल्मेट म्हणजे डोक्यावर पालथे घातलेले पातेले. एकदा जोराचा आपटा बसला की ते बाहेरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यायचे, कारण आतला थर्माकोलसारखा थर दबून गेलेला असतो. हातमोजे आणि घोटा झाकणारे बूटही हवेत. माणूस पडताना आधी हातच टेकतो.

शिकायला जागा मोकळी हवी. मी आमच्या शाळेमागच्या मैदानावर रविवारी सकाळी सहाला जायची. या गाडीची सीट जमिनीपासून ३२ इंचांवर आणि वजन १४० किलोच्या आसपास, त्यामुळे माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या बाईने प्रथम इंजिन बंद ठेवून ती नुसती ढकलत न्यावी, उभी करावी, कलती होऊ लागली की सावरावी. तोल कुठवर आपला असतो आणि कुठे तो गाडीचा होतो, ते हातांना कळू द्यावे. मग क्लच. तो हळूहळू सोडत गेले की एका विशिष्ट ठिकाणी इंजिनचा आवाज जडावतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. ती जागा डाव्या हाताला सापडली की निम्मे शिक्षण झाले. फोडणीत मोहरी कधी तडतडणार ते आपल्याला न बघता समजते ना, तसेच ते होते.

ब्रेकबद्दल मात्र मला जरा जास्त सांगायचे आहे. आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील’ असे सगळे सांगतात. हे अर्धेच खरे आहे. गाडी थांबू लागली की सगळा भार पुढच्या चाकावर जातो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने दाबू नये. ओले फडके पिळताना जसा जोर वाढवत नेतो, तसा वाढवत न्यावा, मागच्याची जोड द्यावी, आणि हँडल वळलेले असताना जोराने दाबू नये. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. त्यामुळे चाक घट्ट होऊन घसरण्याचा धोका कमी झाला, तरी अंतर काही कमी होत नाही. साधा हिशेब करा. ताशी ६० किलोमीटरने जाताना एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर कुत्रे आडवे आले, ते डोळ्यांना दिसले आणि बोटे ब्रेकवर गेली, एवढ्यातच एक सेकंद संपतो! आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. मैदानात खडूने रेघ मारून मी ताशी २०, ३०, ४० वरून थांबून पाहिले, तेव्हा हा चौपटीचा हिशेब खरा पटला.

इतके झाल्यावर नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी कासला निघाले. फुलांचा हंगाम मुद्दाम टाळला. सप्टेंबरात तेरडा, सीतेची आसवे, गेंद अशी फुले पाहायची तर नोंदणी करून जावे लागते, गर्दी असते, पाऊस आणि धुके असते. नवख्या हातांना पाऊस नकोच. पावसाच्या पहिल्या सरीत डांबरावरचे तेल वर येते आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे तर साबण लावल्यासारखे होतात.

हे मागून स्कूटरवर येत होते. आधीच ठरवले होते की कोणी कोणाचा वेग धरायचा नाही. घाटाच्या पहिल्या वळणालाच ही गाडी स्कूटरहून किती वेगळी आहे ते समजते. हिचे हँडल फार वळत नाही, त्यामुळे अगदी हळू, गोल वळायला जागा जास्त लागते. तेव्हा वळणाच्या आधीच वेग कमी, दुसरा गिअर, एक हॉर्न, आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथे संपते तिथे. जिकडे पाहावे तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे पाहिले तर खड्ड्यात! जरा वेग असला की वळायची तऱ्हाही उलटी वाटते. डावीकडे वळायचे तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची, गाडी आपणहून डावीकडे कलते. अंगाचा भार मनगटांवर टाकू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, हात मोकळे राहतात. नाहीतर संध्याकाळी पोळ्या लाटताना मनगटे रडतात.

वळणाच्या आतल्या कडेला बारीक खडी साठलेली असते, म्हणून आपली डावी बाजू सोडायची नाही, पण अगदी कडेलाही जायचे नाही. समोरून एसटी आली तर तिला वळायला सगळा रस्ता लागतो. मी सरळ थांबले. पुन्हा चढावर निघताना उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबून धरायचा, डावा पाय जमिनीवर, क्लच त्या जड आवाजापर्यंत सोडायचा आणि मगच ब्रेक. गाडी एक बोटभरही मागे जात नाही. मागे मोटारवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू द्यावा.

यवतेश्वरचे महादेवाचे देऊळ गेले, चढ सरला, आणि मग काय सांगू! रस्ता डोंगराच्या सोंडेवरून जातो. उजवीकडे खाली कण्हेर धरणाचे पाणी, डावीकडे उरमोडीचे, आणि त्या पलीकडे सज्जनगड. हेल्मेटच्या फटीतून वाळल्या गवताचा वास येत होता. पेट्रीच्या पुढे वारा आडवा लागतो आणि हलकी गाडी बाजूला ढकलली जाते. अशा वेळी मुठी आवळल्या तर ती जास्तच डुलते. वेग थोडा उतरवायचा आणि हात सैल. बघण्यासारखे दिसले की गाडी रस्त्याच्या खाली घेऊन उभी करायची आणि मग हवे तितके बघायचे. मी चार ठिकाणी थांबले. पठार तेव्हा सोनेरी पडले होते, फूल एखाददुसरेच. कास तलावाच्या काठी चहा घेतला. हेच पाणी साताऱ्याच्या नळांना येते, म्हणजे तसे ते रोजच्या ओळखीचेच.

उतरणे चढण्याहून कठीण, हे मात्र नक्की. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, म्हणून उतरणाऱ्यानेच थांबायचे. गिअर खालचा ठेवायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा क्लच दाबून उतरणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नये. यवतेश्वरच्या खाली दोन मुले आम्हाला ओलांडून गेली, तशीच गाडी, वाकलेली, हेल्मेट मागच्याच्या कोपरात. मी त्यांच्या आयांचा विचार करत उरलेला घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरले.

फाटकाशी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर होत्या. “किती वेगाने गेलीस?” म्हणाल्या. “चाळीस.” “बरं.” मग आत जाऊन त्यांनी स्वतः पोहे टाकले.

कासच्या पुढे बामणोलीचा रस्ता अजून राहिला आहे. तो उताराचा आणि जंगलाचा. खाली कोयनेचा शिवसागर आहे, तिथून लाँच मिळते. आधी एकदा एसटीने जाऊन वळणे पाहून येणार आहे. सासूबाईंनाही लाँचमध्ये बसायचे आहेच.