फोटो काढला, झाला अभ्यास!

माझ्या फोनच्या गॅलरीत सेल्फींच्या मध्येच आतेबहिणीच्या बीजगणिताची पानं आहेत. डिलीट करवत नाहीत, यार!

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून तिचा दहावीचा वर्ग चक्क व्हॉट्सअ‍ॅपवर भरायला लागला. बाई गणितं टाकणार, हिनं वहीचा फोटो पाठवायचा. घरात स्मार्टफोन एकच, तोही दिवसभर आत्याबरोबर ड्यूटीवर. मग रात्री नऊला मेसेज, 'ताई, पटकन सोडवून दे ना!' मी मास कॉमवाली, पण एवढं गणित जमायचं. मी फोटो पाठवायचे, ती उतरवायची. ग्रुपवर बाईंचा अंगठा आला की दोघी खूश.

२०२१ची बोर्डाची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर मस्तपैकी मार्क पडले. मॅडम सायन्सला! आणि अकरावीत साध्या वर्गसमीकरणाशी अडल्या. (पाप कुणाचं, सांगायला नकोच.)

यूट्यूब लावलं. मान डोलवत बघायची. पॉज करून पेन हातात दिलं की गप्प. शेवटी रोज व्हिडिओ कॉल, कॅमेरा तिच्या वहीवर. पाच-पाच मिनिटं नुसती शांतता. उत्तर सांगायला माझी जीभ वळवळायची. दहाव्या-बाराव्या दिवशी चुकलेलं वजाचं चिन्ह तिनं स्वतःच खोडलं. त्या पानाचा फोटो मात्र नाहीये.