दुसरी तबकडी

दिवाळीच्या सुटीत थोरल्या भावाकडे जाणाऱ्या माणसाने काय करावे, याविषयी आपल्याकडे काही ठरलेले संकेत आहेत. चकली थोडी कडक झाली असली तरी खुसखुशीत म्हणावे, पुतण्याच्या पगाराची चौकशी करावी आणि दुपारी जाड चादर ओढून झोपावे. मागल्या दिवाळीत डोंबिवलीला जाताना माझा बेत याहून निराळा नव्हता. पण दारातच दादाने विचारले, "तुझी बोटं मोकळी आहेत ना रे? मला दुसरी डिस्क जोडायची आहे."

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि दादा एकोणीस. पुढे १९८६ साली तो मुंबईतल्या एका मोठ्या कचेरीत संगणकाच्या खोलीत लागला. तो संगणक म्हणजे टेबलावर मांडायची पेटी नव्हे. त्याला मेनफ्रेम म्हणत. तो एक अख्खी थंडगार खोली व्यापून असे आणि रात्रंदिवस जागा असे. दादाही त्याच्याबरोबर रात्रपाळीला जागत असे. सकाळी परतताना तो रद्दीतले कागद घेऊन येई: रुंद, एका अंगाला फिक्या हिरव्या पट्ट्यांचे, दोन्ही कडांना भोके असलेले, एकाला एक जोडलेले. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी माझे शाळेतले सगळे निबंध लिहिले. 'माझी आई' या निबंधाच्या मागल्या बाजूला कुणाच्या तरी व्याजाचे आकडे होते. पुढे मी मराठी घेऊन एम.ए. करतो म्हणालो, तेव्हा नातेवाइकांनी नाके मुरडली. दादाने फी भरली.

निवृत्त झाल्यावर माणसे बागकाम करतात, भिशी चालवतात. दादाने घरात मेनफ्रेम आणला. म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. १९९९ साली रॉजर बाउलर नावाच्या गृहस्थाने हर्क्युलिस नावाचे एक सॉफ्टवेअर केले. ते साध्या घरगुती संगणकाला मेनफ्रेमचे सोंग घ्यायला लावते. नाटकात जोशीबुवा अफझलखान होतात, तसे. आणि त्याच वर्षी आय.बी.एम. कंपनीने लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली आपल्या मेनफ्रेमवर चालावी म्हणून केलेले काम जगापुढे खुले केले. लिनक्सला कुणाचा परवाना मागावा लागत नाही. तेव्हा दादाच्या शयनगृहात, कपाट आणि खिडकी यांच्या मधोमध, एक तोतया मेनफ्रेम उभा राहिला आणि त्याच्यावर खरेखुरे लिनक्स चालू लागले. "हे कशासाठी?" असे वहिनींनी पहिल्याच आठवड्यात विचारले होते. त्याचे उत्तर त्यांना अजून मिळालेले नाही.

मग काचबिंदूने दादाची दृष्टी हळूहळू नेली. आता त्याला उजेड कळतो, आकृती कळतात. अक्षरे कळत नाहीत. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर पुतण्याने बसवून दिले होते, पण दादाला ते मानवले नाही. "ती बाई फार घाई करते," तो म्हणतो. लिहिणे थांबले तसा तो बोलू लागला. रोज सकाळी मायक्रोफोन पुढे घेऊन अर्धा-पाऊण तास आठवणी सांगायच्या आणि ते ध्वनिमुद्रण आपल्या लाडक्या यंत्रावर ठेवायचे, असा त्याने नेम केला. आठवणी बहुतेक चाळीच्या आणि बाबांच्या. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे एवढेच मला ठाऊक. मला त्यांचा आवाजही आठवत नाही. दादाला आठवतो.

तर ती तबकडी भरली होती. आता आपण व्यवहारी माणसे. मी म्हणालो, "दादा, कोपऱ्यावरच्या दुकानात काही शे रुपयांत बोटाएवढी वस्तू मिळते, तिच्यात याच्या कितीतरी पट मावेल." दादा म्हणाला, "मला ठाऊक आहे. बस खुर्चीवर."

तबकडीचा इतिहास त्याने मला त्या दुपारी ऐकवला. १९५६ साली आय.बी.एम.ने पहिली तबकडी विकायला काढली. ती एकटी नव्हतीच. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर चढवल्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. दादाच्या नोकरीतली तबकडी पुष्कळ पुढची. तिचे नाव ३३९०. ती १९८९ साली आली. गंमत अशी, की ती यंत्रे केव्हाच मोडीत निघाली, तरी आजच्या बँकांतले अगदी नवे मेनफ्रेमही अजून ३३९०च्याच मापाने मोजतात. आत निराळीच साधने असतात, पण बाहेरून ती म्हणतात, मी ३३९०. मला हे ऐकून बरे वाटले. १९५७ साली आणे गेले, तरी आपले काम अजून सोळा आणे होतेच ना!

सोळा आण्यांचा आणखी एक उपयोग निघाला. पहिल्या तबकडीचा क्रमांक ०१२०, दुसरीला आपण ०१२१ देऊ, असे दादा म्हणाला. मी सहज विचारले, "आणि ०१२९ नंतर ०१३० का?" "छे, ०१२ए. मग बी, सी, असं एफपर्यंत. सोळा झाले की हातचा एक. आण्यांचा हिशेब." जन्मभर गणिताला भ्यालेल्या माणसाला ही एवढी गोष्ट बाराखडीसारखी पटकन कळली.

काम सुरू करण्यापूर्वी दादाने एकच अट घातली. "आधी यंत्र नीट बंद कर आणि पहिल्या डिस्कची प्रत घे. दीड वर्षापूर्वीची एक प्रत आहे. त्यानंतर मला दिसलंच नाही, तर घेणार कोण?" तो सकाळच्या फेरीला निघाला होता. मी पेपर वाचत होतो. यंत्र बंद करायचे, प्रत घ्यायची, पुन्हा सुरू करायचे, आणि एवढ्यात वहिनींनी गरम अनारसे आणून ठेवले. दादा परत आल्यावर त्याने विचारले, "घेतलीस?" मी म्हणालो, "हं."

त्या 'हं'विषयी पुढे सांगतो.

प्रथम एका आज्ञेने कोरी तबकडी तयार केली. तोतया मेनफ्रेमची तबकडी म्हणजे घरच्या संगणकावरची एक मोठी फाइल. मग हर्क्युलिसला सांगितले, ही ०१२१ क्रमांकावर जोड. मला वाटले, संपले. "अरे, ती नुसती दारात उभी आहे," दादा म्हणाला. "लिनक्सने तिला आत ये म्हणायला हवं." त्यासाठी निराळी आज्ञा. ती दिल्यावर पडद्यावर दोन ओळी आल्या आणि मी त्या वाचून दाखवल्या. डी-ए-एस-डी आणि पुढे ए, ही पहिली. डी-ए-एस-डी आणि पुढे बी, ही नवी. तिच्यापुढे शेरा होता, की हिच्यावर आखणी झालेली नाही.

ही आखणी फार मजेची आहे. दुकानातून आणलेली वही कोरी असली तरी तिच्यावर रेघा असतात. या तबकडीवर त्याही नसतात. एका सिलिंडरात पंधरा वर्तुळे, असे ३,३३९ सिलिंडर. प्रत्येक वर्तुळावर ४,०९६ अक्षरांचे बारा रकाने पाडायचे. एकूण ६,०१,०२० रकाने. आखण्यापूर्वी जिच्यात २८३ कोटी अक्षरांची जागा असते, तिच्यात आखल्यावर २४६ कोटींचीच उरते. बाकीची रेघा आणि समास खातात. (त्यातही मराठी एक अक्षर साठवायला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते, ही माहिती दादाने मला जरा जास्तच आनंदाने दिली.) आणि मुख्य म्हणजे, आधी काही लिहिलेल्या तबकडीवर ही आखणी चालवली, तर जुने सारे जाते.

दादाने आज्ञा एकेक अक्षर सांगितली. मी टंकत गेलो. शेवटचे अक्षर बी. मी एंटरची किल्ली दाबली, आणि दाबतानाच पडद्यावर पाहिले. तेथे बी नव्हता. ए होता.

वाचकहो, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना अशुद्धलेखनाबद्दल मी किती मुलांचे गुण कापले असतील, त्याची गणती नाही. त्या क्षणी ती सगळी मुले माझ्याभोवती उभी राहिली. एका अक्षराची चूक. दीड वर्षाचा दादाचा आवाज, आणि त्या आवाजात कुठेतरी अडकलेला बाबांचा आवाज. आणि सकाळचे ते अनारसे.

पडद्यावर एक ओळ उमटली. डिस्क इन यूज. तबकडी वापरात आहे. बस्स, एवढेच. जिच्यावर आपण स्वतः उभे आहोत ती तबकडी पुसायला त्या यंत्राने साफ नकार दिला होता. मी ती ओळ तीन-चारदा वाचली. दादा शेजारी मान जराशी कलती करून बसला होता. मी काही बोललो नाही. घशाला कोरड पडली होती म्हणून म्हणा, किंवा खरे कारण म्हणा, मी हळूच आज्ञा पुन्हा लिहिली, या खेपेस बी तीनदा तपासून पाहिला. आता यंत्राने सगळी मापे दाखवली आणि खात्री असेल तर 'येस' लिही म्हणून सांगितले. मी लिहिले. आखणी सुरू झाली.

ती चालू असताना वहिनींनी चहा आणला. पुढचे मी भराभर उरकले: तबकडीवर एकच मोठा भाग पाडला, त्यावर फाइलींची व्यवस्था उभारली, एका रिकाम्या फोल्डरच्या जागी ती बसवली आणि सगळी ध्वनिमुद्रणे तिच्यावर उतरवली. "हलवू नकोस, नक्कल कर," दादाने बजावले. "मूळचं राहू दे आज रात्र." सुरू होताना यंत्र जी यादी वाचते, तिच्यातही नव्या तबकडीचे नाव घातले. दादाने माझी पाठ थोपटली. मला ती थाप फार जड गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "आयपीएल कर." मी चमकलो. मेनफ्रेमच्या मंडळींत यंत्र सुरू करण्याला आयपीएल म्हणतात, आणि ते क्रिकेटच्या पुष्कळ आधीपासून. मी केले. यंत्र भराभर ओळी ओकत निघाले आणि मध्येच थांबले. दीड मिनिट वाट पाहून त्याने सांगितले, की यादीतली एक तबकडी सापडत नाही. आणि ते मुख्य परवलीचा शब्द मागून बसले.

"दादा, नवी डिस्क गेली!"

"गेली नाही. तू काल त्याला सांगितलंस, पण लक्षात ठेव असं सांगितलं नाहीस." काल मी तबकडी जोडली ती तोंडी. हर्क्युलिस सुरू होताना जी कागदपत्रे पाहतो, त्यांत ०१२१ची ओळ नव्हती. आणि लिनक्सलाही तिला दरवेळी आपणहून आत घे, अशी कायमची आज्ञा मिळालेली नव्हती. दोन्हीकडे नोंद हवी. दादाला हे काल सुचले नसेल, असे मला वाटत नाही. संगणकाच्या खोलीत नवी पोरे शिकवण्याची त्याची पद्धत असणार ती.

मी पहिली ओळ लिहीत असताना तो सहज म्हणावे तसे म्हणाला, "काल पहिल्या खेपेस ए दाबलास ना?"

मी वळून पाहिले. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"तुला कसं कळलं?"

"एंटरनंतर येस लिहावा लागतो. तीन किल्ल्या वाजायला हव्या होत्या. वाजल्या नाहीत. नंतर पुन्हा सगळी आज्ञा वाजली." तो थोडा थांबला. "आणि प्रत घेतली नाहीस हे तू किती वेळ गप्प बसलास त्यावरून कळलं. प्रत असलेला माणूस हसतो."

"दादा, मी..."

"बाबा एकदा असेच गप्प बसले होते. जुळवलेलं अख्खं पान हातातून पडलं होतं. मालक समोर. ते सांगितलंय मी, ऐक केव्हातरी. चल, दुसरी नोंद कर."

मी दुसरी नोंद केली. मग यंत्र नीट बंद केले आणि न सांगता, न विचारता दोन्ही तबकड्यांच्या प्रती घेतल्या. पहिली कपाटात ठेवायला पुतण्याच्या जुन्या डिस्कवर आणि दुसरी माझ्या पिशवीत. पुन्हा आयपीएल. या वेळी ओळी न अडखळता खालपर्यंत गेल्या. दोन्ही तबकड्या हजर होत्या.

"जागा किती आहे?" दादाने विचारले. मी आकडा वाचला. त्याने मनात काहीतरी मोजले, बहुधा सकाळी मोजल्या असाव्यात, आणि मायक्रोफोन जवळ ओढला. "दार लोटून घे जाताना."

स्वयंपाकघरात वहिनींनी बाहेरून आलेला आवाज ऐकला आणि कुकरखालचा गॅस बंद केला.