गोठ्याला कुठलं लोखंड घेतलं आणि का



यंदा थोरल्या पोराने बारा गायींचा मुक्त गोठा काढायचं ठरवलंय. सोसायटीचं कर्ज आहे, त्यामुळे पैसा मोजूनच खर्चायचा. पाईप-पत्र्याचं बघायचं काम माझ्याकडे आलं. महिनाभर दुकानं फिरलो, फॅब्रिकेशनवाल्यांशी बोललो आणि आसपासचे पंधरा-वीस जुने गोठे डोळ्यांनी बघितले. पिकाच्या नोंदी टाकतो तशीच ही पण एक नोंद.

आधी भावकीतल्या एका गोठ्याचं सांगतो. मोठ्या पाईपचे खांब, वर रंग चकचकीत. सातव्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात एका बाजूने बसला. एक गाभण गाय जागेवर गेली. लोक म्हणाले वारा मोठा होता. वारा होताच, पण मी खांब बघितले. त्या बाजूचे चारही खांब एकाच जागी तुटलेले, जमिनीच्या तोंडाशी. काँक्रीटच्या आतला पाईप शाबूत, वीतभर वरचाही शाबूत. मधल्या चार बोटांत मात्र नख लावलं तरी पापुद्रे निघत होते.

कुंपणाचा लाकडी डांब कुठे कुजतो ते आठवा. तोंडाशीच कुजतो. खोल ओल असते पण हवा नसते, वर हवा असते पण ओल टिकत नाही. तोंडाशी दोन्ही मिळतात. लोखंडाचं तेच आहे, आणि गोठ्यात त्याच्यावर मूत. मुतात युरिया असतो, शेणातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. रानात युरिया वर फेकला आणि मातीआड केला नाही तर जो उडून जातो, तोच हा. शिवाय मुतातले क्षार खाली साचतात. रेड ऑक्साईडचे दोन हात तिथे किती टिकणार? जनावर अंग घासतं, फावडं लागतं, एक टवका उडाला की गंज आतून चालतो.

म्हणून आम्ही पाईप जमिनीत गाडलाच नाही. प्रत्येक खांबाला सळईचं काँक्रीट घेऊन ते जमिनीच्या वर दीड फूट काढलं, माथा चारी बाजूंनी उतरता केला, म्हणजे पाणी थांबत नाही. त्याच्यावर बेस प्लेट आणि जस्ती बोल्ट. शेण-मुताचा संबंध काँक्रीटशी, लोखंड वर कोरडं. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "दादा, खर्च वाढतोय." वाढला. पण तेवढाच मी दुसरीकडे वाचवला, गव्हाणीच्या पुढच्या आडव्या पाईपांत. तिथे बी क्लासचा पाईप सांगितला होता, मी ए क्लास घेतला. तो पाईप बदलायचा झाला तर अर्ध्या दिवसाचं काम आहे, खांब बदलायला गोठाच उतरवावा लागतो. गोल पाईपवर रंगाचा पट्टा असतो बघा: पिवळा हलका म्हणजे ए, निळा मध्यम म्हणजे बी, लाल जड म्हणजे सी. तोंडी क्लास सांगितला तर पट्टा बघायचा.

चौकोनी पाईपात जाडीचा खेळ चालतो. दुकानात "दोन एमएम" म्हणतात आणि हातात दीड-पावणेदोनचा येतो. कडेला बर असते, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यापेक्षा काट्यावर टाका. 50 बाय 50 चा सहा मीटरचा पाईप दोन एमएमचा असेल तर साधारण 18 किलो भरतो, 1.6 चा 14 च्या आसपास आणि 3 एमएमचा 26 च्या आसपास. सळईला तर सोपा हिशोब आहे, व्यासाचा वर्ग भागिले 162, की एका मीटरचं वजन किलोत. 12 एमएमची 12 मीटरची सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरली पाहिजे, 8 ची पावणेपाचला. किरकोळ फरक चालतो, किलोभर कमी भरली तर परत पाठवायची. शेतमाल विकताना आपण काट्याकडे डोळे लावून बसतो आणि लोखंड घेताना नुसते नग मोजतो, हे मला कधी कळलं नाही.

आता पत्रा. इथे पोराचं आणि माझं वाजलं. त्याला रंगीत पत्रा हवा होता. बाजारात बहुतेक रंगीत पत्र्यांना आतून ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असतो, ॲल्युमिनियम 55 टक्के. घराला, कांदा चाळीला, ट्रॅक्टरच्या शेडला उत्तम, साध्या जस्ती पत्र्यापेक्षा जास्त टिकतो. पण ॲल्युमिनियमला विम्लता सोसत नाही. माती परीक्षणाच्या भाषेत सांगायचं तर सामू 4 ते साडेआठच्या मधे ते सुखी असतं. अमोनिया विम्ल आहे, पहाटे पत्र्याला आतून दव धरतं त्यात तो विरघळतो आणि कापलेल्या कडा, स्क्रूची भोकं तिथून खायला लागतो. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत जनावरांचे गोठे वगळलेले असतात. तो कागद दुकानदाराकडून मागून घेतला आणि पोराच्या हातात दिला. वाद संपला.

आम्ही साधा जस्ती पत्रा घेतला, पण 275 ग्रॅमचा. हा आकडा म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून जस्त किती. स्वस्तातला 120 ग्रॅमचा असतो, दिसायला दोन्ही सारखेच. जस्तालाही अमोनिया खातोच, पण जस्त जेवढं जास्त तेवढी वर्षं जास्त. आणि आढ्याला फूटभर फट ठेवली, वाफ वरून निघून जाते. ही फट पत्र्यालाही चांगली आणि गायीच्या फुफ्फुसालाही.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी बोर्डो मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघितलं असेल. मोरचूद मोकळा राहिला असेल तर पात्यावर तांबूस थर चढतो, मग आपण चुना वाढवतो. तिथे तांबं बसतं आणि लोखंड विरघळतं. दोन धातू ओलीत एकत्र आले की हलका धातू जातो आणि भारी वाचतो. जस्त लोखंडाला वाचवतं ते याच रितीने, स्वतः जाऊन. म्हणून तांब्याची अर्थिंगची तार जस्ती पत्र्याला घासत नेऊ नका, आणि मोरचुदाची पोती पत्र्याला टेकवून ठेवू नका. मोठ्या जस्ती पत्र्याला छोटा स्टेनलेस स्क्रू चालतो. पण स्टेनलेसच्या मोठ्या टाकीला साध्या लोखंडाचा बोल्ट लावला तर तो बिचारा लवकर संपतो.

वेल्डिंगचं एक राहिलं. जस्ती पाईप जोडताना जस्त जळतं, पांढरा धूर निघतो. तो अंगात गेला की वेल्डरला रात्री हुडहुडी भरते. जोडाजवळचं जस्त आधी ग्राइंडरने काढायला लावा, काम मोकळ्या हवेत करा, आणि जोड थंड झाला की घासून त्यावर जस्ताचा रंग द्या. चांदीसारखा दिसणारा साधा ॲल्युमिनियम पेंट मारून मोकळे होतात, तो हा नव्हे. डब्यावर झिंक लिहिलेलं बघा.

खांब उभे झालेत, कैच्या पुढच्या आठवड्यात चढतील. कुणाला खांबाच्या पायाचा फोटो हवा असेल तर खाली लिहा, मापासकट टाकतो.