फक्त खरचटलंय, डॉक्टर!

दुचाकीवरून पडलेला पेशंट दवाखान्यात आला, की सोबतचा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य म्हणतो, "काही नाही डॉक्टर, फक्त खरचटलंय." मीही ते वर्षानुवर्षं मान्य करत आलो. डोक्याला मार नाही ना, हाड मोडलं नाही ना, हे पाहायचं, जखम धुवायची, गरज असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि पेशंटला घरी पाठवायचं. मग तीन वर्षांपूर्वी मी स्वतः पडलो.

पन्नाशीनंतर मला मोटरसायकलचा नाद लागला. रविवारी पहाटे निघायचं, घाट चढायचा, चहा घेऊन परत यायचं. त्या दिवशी वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात एका वळणावर बारीक खडी पसरलेली होती. वेग चाळीसच्या आतच होता. पुढचं चाक घसरलं आणि मी उजव्या अंगावर पडून काही फूट फरपटत गेलो. हेल्मेट, हातमोजे, जॅकेट सगळं होतं. खाली मात्र दवाखान्यात घालतो तीच सुती पॅन्ट. जॅकेटच्या कोपरावर ओरखडे उठले, आतलं कोपर शाबूत राहिलं. गुडघ्यावरची पॅन्ट मात्र फाटली आणि खालची कातडीही गेली. माणूस एक, रस्ता एक, क्षण एक. फरक फक्त कापडाचा.

पुढचे तीन आठवडे मी पेशंट होतो. आमच्या सिस्टर जखमेतले खडीचे कण काढताना म्हणाल्या, "सर, हलू नका. दोन मिनिटांचं काम आहे, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?" हे कण काढावेच लागतात. राहिले तर जखम चिघळू शकते आणि कातडीखाली निळे-काळे डाग कायमचे राहतात. शिवाय वरवरची जखम खोल जखमेपेक्षा जास्त दुखू शकते, कारण त्वचेतल्या संवेदना नेणाऱ्या नसांची टोकं उघडी पडतात. गुडघा वाकवला की धरलेली खपली पुन्हा फाटायची. जिना, मांडी घालून बसणं, देशी पद्धतीचा संडास, सगळंच अवघड झालं.

गुडघ्याच्या वाटीवर आणि नडगीवर त्वचेखाली चरबीची गादी जवळजवळ नसते. त्वचा आणि हाड यांत अंतरच थोडं. नडगीवरची जखम भरायलाही वेळ लागतो. त्यात मधुमेह असेल तर आणखी वेळ लागतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. कायदा हेल्मेटबद्दल बोलतो, आणि ते पहिलं हवंच. पण पायांची काळजी आपली आपणच घ्यायची आहे.

बरा झाल्यावर मी पॅन्ट शोधायला निघालो. चामड्याची पॅन्ट घासण्याला उत्तम टिकते, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये ती दोनदा घातली, की तिसऱ्यांदा खुंटीवरच राहते. खुंटीवरची पॅन्ट कुणालाच वाचवत नाही. म्हणून मी कापडी रायडिंग पॅन्टकडे वळलो. ही जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टरची असते. उन्हाळ्यासाठी मांडीवर जाळीचं कापड असलेली मिळते. मात्र जाळी घासण्याला कमी टिकते. म्हणून गुडघा, कुल्ला आणि बसायची जागा इथे भक्कम कापडच आहे ना, हे पाहा.

दुकानात 'डेनियर'चा आकडा सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. तो जाडी सुचवतो, पण सगळं सांगत नाही. तेवढ्याच डेनियरचं चांगलं नायलॉन साध्या पॉलिएस्टरपेक्षा घासण्याला जास्त टिकतं. त्यापेक्षा आतलं लेबल वाचा. 'ईएन १७०९२' हे युरोपीय मानक असेल तर पुढे 'एएए', 'एए' किंवा 'ए' असा दर्जा असतो. 'एएए' सर्वांत टिकाऊ, 'ए' हलका. लांबच्या प्रवासाला 'एए' हा चांगला मध्यम मार्ग वाटतो.

गुडघ्यातल्या पॅडसाठी 'ईएन १६२१-१' हे वेगळं मानक आहे. त्यात दोन पातळ्या असतात. ठरावीक आघात केल्यावर पहिल्या पातळीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडे जाऊ शकतं, दुसऱ्या पातळीत २० पर्यंतच. शक्य असेल तर दुसरी पातळी घ्या. कुल्ल्याच्या खिशात पुष्कळदा नुसता स्पंज असतो. तो काढून बघा आणि खरं पॅड घाला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पॅन्ट आरशासमोर उभं राहून घेऊ नका. मी पहिली तशीच घेतली आणि चुकलो. उभं असताना पॅड बरोबर गुडघ्यावर होतं, गाडीवर बसलो तर ते वर मांडीकडे सरकलं आणि पॅन्टचा काठही घोट्याच्या वर गेला. ती बदलून घ्यावी लागली. दुकानात गाडीवर किंवा निदान स्टुलावर गाडीवरच्यासारखं बसा. वाटी आणि नडगीचा वरचा भाग पॅडखाली आला पाहिजे. मग पॅड हाताने बाजूला ढकलून पाहा. सहज फिरत असेल, तर पडल्यावरही फिरेल.

कंबर मात्र आवळू नका. घट्ट पट्ट्याने जांघेजवळून जाणारी नस दाबली जाते आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, आग होते. असे पेशंट मी पाहिले आहेत. कुणाला मणक्याचा आजार वाटतो, आणि पट्टा सैल केल्यावर बरं वाटतं. आत घामाने भिजलेले कपडे तसेच राहिले, तर जांघेत गजकर्ण होतं. घरी आल्याबरोबर कपडे बदला, अंग कोरडं करा. आत पातळ पॉलिएस्टरची ट्रॅकपॅन्ट घालण्यापेक्षा सुती घाला. घसरताना होणाऱ्या उष्णतेने असं कापड वितळून त्वचेला चिकटू शकतं. पुढच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवू नका, पडल्यावर तो मांडीत रुततो. आणि पावसाळ्यात आतल्या अस्तरापेक्षा वरून चढवायची रेनपॅन्ट बरी, म्हणजे मूळ कापड भिजून जड होत नाही.

एक स्पष्ट सांगतो. ही पॅन्ट चिलखत नाही. पाय गाडीखाली अडकून पिरगळला, तर गुडघ्यातले स्नायुबंध ती वाचवू शकत नाही, आणि जोराच्या धडकेत हाडही मोडू शकतं. ती वाचवते ती प्रामुख्याने कातडी, आणि मार थोडा कमी करते. वेग कमी ठेवणं आणि वळणावरची खडी बघणं आपल्याकडेच राहतं.

तरीही पडलात आणि खरचटलं, तर जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, टूथपेस्ट, चहापूड लावू नका, कापूस थेट चिकटवू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि दाखवायला या.

आता दवाखान्यात कुणी "फक्त खरचटलंय" म्हणालं, तर मी खुर्ची पुढे ओढून जखम नीट बघतो, आणि मग विचारतो, पायात काय घातलं होतं?