सावळ्या कातडीचा सवाल

लुगडे शोभले नाही तर परत करता येते. चेहऱ्याचे तसे नाही. म्हणून अंधेरीतील एका चिकित्सालयात आमच्या कुटुंबाच्या सुरकुत्यांसाठी दोन प्रकारचे लेसर सुचविले गेले, तेव्हा आम्ही उभयता बिचकलो. कार्बन डायऑक्साइडचा लेसर बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेलांनी १९६४ साली अमेरिकेत शोधला. त्याने त्वचेतील पाणी तापून वरचा थर उडून जातो. गुण ठळक, परंतु सावळ्या वर्णावर काळे डाग उमटण्याचे भय मोठे. दुसरा, अर्बियम-ग्लासचा, वरचा थर शाबूत ठेवून आतून तापवितो. गुण मंद, खेपा अनेक, भय कमी. बारामतीकराचा किरण, आणि त्याला भ्यावे बारामतीच्याच वर्णाने! आम्ही दुसरा पत्करला. किती वर्षे पुसली जातील, यापेक्षा आपल्या कातडीस काय सोसेल, हेच वाचकांनी आधी विचारावे.