धाकट्या सिलिंडराचा पट्टा

चाळिशी उलटलेला, पोट किंचित् पुढें आलेला विज्ञानाचा शिक्षक सुटींत समुद्राच्या तळाशीं जाऊन येतो, हें पुष्कळ पालकांस विलक्षण वाटतें. कोणी कोणी तसें तोंडावर बोलूनहि दाखवितात. मालवणाजवळ तारकर्लीस मी ही विद्या वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं शिकलों, आणि तेव्हांपासून तिचा नाद कांहीं सुटला नाहीं. त्या नादांतील एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूविषयीं आज लिहावयाचें आहे.

पाणबुड्याच्या पाठीवरील थोरल्या सिलिंडरांत सुमारें २०० वातावरणांच्या दाबानें हवा भरलेली असते. म्हणूनच ११ लिटरांच्या भांड्यांत दोन हजारांहून अधिक लिटर हवा मावते. ती अकस्मात् संपली किंवा यंत्र बिघडलें, तर वर येण्यापुरती तरी हवा जवळ असावी म्हणून कित्येक पाणबुडे बाजूस एक धाकटा सिलिंडर बांधतात. इंग्रजींत त्यास 'पोनी' म्हणजे तट्टू म्हणतात. माझें तट्टू २.७ लिटरांचें आहे व त्यांत सुमारें ५४० लिटर हवा राहते. नववीच्या मुलांनीं हा हिशेब करून पाहावा: घाबरलेला मनुष्य पृष्ठभागावर मिनिटास ४० लिटर हवा ओढतो असें धरूं. १८ मीटरांवर दाब २.८ पट, म्हणून तेथें सावरण्यांत गेलेल्या एका मिनिटास ११२ लिटर. मिनिटास ९ मीटर या वेगानें वर येण्यास १५२. आणि ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबण्यास १८०. बेरीज ४४४. म्हणजे तट्टू पुरतें. परंतु तें जागेवर असेल तरच!

२०२३ च्या डिसेंबरांत कर्नाटकांतील मुरुडेश्वराजवळच्या नेत्राणी बेटापाशीं मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर उतरलों होतों. नेमक्या १८ मीटरांवर माझ्या तोंडांतील रेग्युलेटरांतून हवा भसाभसा सुटूं लागली व दाबमापकाचा कांटा डोळ्यांदेखत खालीं येऊं लागला. शिकविल्याप्रमाणें मीं छातीवरील पिवळें मुखयंत्र चांचपलें. तें तेथें नव्हतें. धाकटा सिलिंडर पट्ट्यांतून निसटून खालीं सरकला होता आणि त्यानें आपली नळी माझ्या बगलेखालून पाठीमागें ओढून नेली होती. मीं दोनदां हात मागें फिरविला. हातीं कांहींच लागलें नाहीं. त्या काळांत घरची मंडळी व दोन्ही मुलें कशीं डोळ्यांपुढें आलीं, तें येथें लिहीत नाहीं. विद्यार्थी चार हातांवर होता. त्यानें माझी अवस्था पाहिली, आपलें जादा मुखयंत्र माझ्या हातांत दिलें, माझा दंड धरला आणि सावकाश वर आणलें.

होडींत बसल्यावर त्यानें अगदीं नम्रपणें विचारलें, "सर, पट्टा कोरडाच आवळला होतात का?"

होय, कोरडाच आवळला होता. नायलॉनचा पट्टा पाणी शोषून लांबतो. म्हणून तो आधीं भिजवून मग आवळावयाचा, हें मला तारकर्लीसच सांगितलेलें होतें. वर्गांत प्रयोग न करितां नुसतें पाठ म्हणणाऱ्या मुलांवर मी किती वेळां रागावलों असेन! पुढें शाळेच्या प्रयोगशाळेंत तोच पट्टा पाण्यांत ठेवून मुलांकडून मोजविला. ५८ सेंटिमीटरांचा पट्टा ८ मिलिमीटर लांबला. गुळगुळीत सिलिंडर निसटण्यास तेवढें पुष्कळ झालें.

घरीं निर्णय झाला तो असा: "अहो, एक तर समुद्र सोडा, नाहीं तर ती बाटली न सुटेल असें कांहीं तरी आणा." समुद्र सुटणें शक्य नव्हतें.

नुसत्या पट्ट्यावर विश्वास उरला नव्हता. पोलादी पट्ट्या स्क्रूनें आवळण्याचा प्रकार भक्कम व स्वस्त. परंतु खाऱ्या पाण्यांत पोलाद व अल्युमिनियम एकमेकांस टेकले कीं विद्युत्घट तयार होतो व अल्युमिनियम खचूं लागतो. मध्यें रबर नसेल तर तो नकोच. माझ्या विद्यार्थ्याचें मत निराळें: सिलिंडर ब्रॅकेटांत न बसवितां दोन कड्यांनीं छातीपासून कमरेपर्यंत बाजूस लटकवावा. तोटी व दाबमापक डोळ्यांपुढें राहतात, आणि भाड्याचा थोरला सिलिंडर कितीहि जाड असला तरी अडत नाहीं. युक्तिवाद उत्तम आहे, आणि सडपातळ तरुणांनीं तो खुशाल मानावा. मी तसें एकदां उतरून पाहिलें; होडीची शिडी चढतांना तो सिलिंडर, शिडी व माझें पोट या तिघांत मुळींच एकमत होईना.

शेवटीं दोन भागांचें ब्रॅकेट घेतलें. एक भाग थोरल्या सिलिंडराच्या पट्ट्याखालीं पक्का बसतो, दुसरा धाकट्यास दोन ठिकाणीं आवळलेला असतो. मध्यें एक खिळी. ती ओढली कीं धाकटा सुटून हातांत येतो व प्रसंगीं दुसऱ्यासहि देतां येतो. दुकानदार प्लास्टिकचें हलकें ब्रॅकेट दाखवीत होता. मीं धातूचें, आंतून रबर लावलेलें घेतलें. तट्टू रेग्युलेटरासह पांच किलोंहून थोडें अधिकच भरतें, आणि होडीवरून उडी मारतांना त्याचा हिसका केवढा बसतो हें दुकानांत कळत नाहीं. खिळीची दोरी मात्र आखूड हवी. लांब दोरी कोठें तरी अडकून भलत्या वेळीं खिळी काढील. एकीकडे वजन वाढल्यामुळें मनुष्य पाण्यांत कलतो, तेव्हां कमरेच्या शिशांपैकीं कांहीं उलट बाजूस सरकविलें. दाबमापक आतां पाठीमागें जातो हा या ब्रॅकेटाचा खरा दोष. त्यास इलाज म्हणजे उडीपूर्वीं तोटी उघडून दाब पाहणें. पिवळें मुखयंत्र गळ्यांतील रबरी कड्यांत, हनुवटीखालीं.

नवें ब्रॅकेट मीं पडवीच्या तुळईस टांगून त्यांत भरलेला सिलिंडर अडकविला व धाकट्या मुलास हलवावयास सांगितलें. त्यानें हें काम फार मन लावून केलें. तुळईची बरीच धूळ खालीं आली, सिलिंडर आला नाहीं.

गेल्या डिसेंबरांत पुन्हां नेत्राणीस गेलों. होडी धक्क्यावरून सुटतां सुटतां फोन वाजला. घरून होता. "पोहोंचलांत का?" असें नाहीं, "जेवलांत का?" असेंहि नाहीं.

"थोरल्याचा पट्टा भिजविला का?"

मीं होडीच्या कडेवरून वांकून पट्टा पाण्यांत बुडविला, आणि मग "होय" म्हटलें.